बांधाच्या वरची पट्टी

भात झोडून झालं, पेंढ्याच्या उडव्या रचून झाल्या, की मोहोळवाडीच्या बायका वहाळात उतरत. पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कडेला ही लहानशी बौद्धवाडी, आणि तिच्या पायाशी हा वहाळ. पावसात त्याच्या आवाजापुढं शेजारणीची हाक ऐकू येत नसे. पाऊस सरला की तो दिवसागणिक मवाळ होत जाई. मग दोन काळ्या खडकांमधली अरुंद वाट बायका दगडांनी बुजवत, फटींत पेंढा, पाला, चिखल कोंबत आणि बांधाच्या माथ्यात पोफळीची एक पन्हळ बसवत. बांधाच्या वर म्हशींना डुंबायला डोह होई. पन्हळीच्या धारेखाली वापरायच्या पाण्याचे हंडे भरत आणि कपडे निघत. प्यायचं पाणी डोहाच्याही वरून, खडकातून उतरतं तिथून आणायचं, हे ठरलेलं होतं.

बांध कुठं घालायचा, कुठला धोंडा आधी ठेवायचा, हे गीताबाई सांगायची. मंजुळाची सासू. तिचा शब्द वहाळात खाली पडत नसे.

डोहाच्या काठच्या खडकावर पाटबंधारे खात्याची एक पट्टी ठोकलेली होती. पांढरी, वर काळे आकडे. ती वाचायचं काम मंजुळाच्या सासऱ्यांकडे, भिकाजींकडे होतं. सकाळ-संध्याकाळ धुतलेली टोपी घालून ते पट्टीशी जात, वाकून पाणी कुठल्या आकड्याला टेकलंय ते बघत आणि पुटपुटत घरी येत. पुटपुटत अशासाठी, की वाटेत कुणी बोलायला थांबवलं तर आकडा विसरू नये. म्हशी पट्टीला पाठ घासत म्हणून त्यांनी खडकापुढं बोराटीची काटेरी फांदी रोवून ठेवली होती. महिन्याचा कागद मंजुळा चांगल्या अक्षरात उतरवून द्यायची. ती महाडची, चवदार तळ्याच्या मागच्या आळीत वाढलेली, कॉलेजात भूगोल घेऊन बी.ए. झालेली. नवरा चंदू मुंबईला गोदीच्या वर्कशॉपात, मे महिन्यात आणि मध्ये सुट्टी मिळेल तेव्हा यायचा. बाकीचे दिवस ही, सासू-सासरे आणि मांडीवर सुजाता.

सुजाता म्हणजे मंजुळाच्या जिवाला लागलेला घोर. पोरगी गाढ झोपली तर ती नाकापाशी बोट धरून बघे. जागी असली तर टाळूवर हात ठेवून बघे, खोल तर गेली नाही ना. गीताबाई म्हणे, "पोर हाय गो ती, दुधावरची साय नाय. किती वेळा हात लावून बघशील?" पण मागच्या उन्हाळ्यानंतर तीसुद्धा हे जरा हळू आवाजात म्हणायला लागली होती.

मागच्या उन्हाळ्यात काय झालं ते दोघींनी पाहिलं होतं. वाडीत एक हिशेब होता. वीस मार्चला सगळे महाडला तळ्यावर जाऊन येत, आणि आले की आठवडाभरात पन्हळीची धार तुटे. मग डोह खाली खाली जाई, नंतर त्यात नुसता हिरवा गाळ राही. वरच्या खडकातलं पाणीही थांबे. बायका वहाळाच्या कोरड्या वाळूत खड्डा खणत, त्याला डवरा म्हणत, आणि त्यात वाटीवाटीनं जमणारं गढूळ पाणी गाळून पीत. त्या पाण्यानं सुजाताला हगवण लागली. ओठ सुकले, टाळू खोल गेली, रडायचीसुद्धा थांबली. गीताबाईनं तिला पदरात गुंडाळून भर उन्हात पोलादपूरचा रस्ता गाठला आणि एस.टी.नं महाडच्या दवाखान्यात नेलं. पोर वाचली. पण तेव्हापासून वहाळाकडं बघितलं की मंजुळाला पाणी दिसायच्या आधी त्याखालची वाळू दिसे.

वाडीनं विंधन विहिरीसाठी अर्ज केला होता. बोअरिंगची गाडी तालुक्यात फिरत होती, गावोगाव भोकं पाडून हातपंप बसवत होती. मोहोळवाडीचा नंबर यावा एवढंच सगळ्यांच्या तोंडी होतं.

मार्गशीर्षात पाटबंधारे खात्याचे ओव्हरसियर आले. तरणा, घाटावरचा माणूस, बोलायला सरळ. आजवर त्यांची जीप पावसातच यायची, पूर मोजायला. थंडीत ते पहिल्यांदाच आले होते, आणि तेही वाटेत थांबल्यासारखे, घरापर्यंतच. वहाळाकडं ते उतरले नाहीत. विहिरीच्या अर्जावर पाण्याचा अभिप्राय त्यांच्या खात्याकडून जायचा होता.

ओट्यावर बसून चहा पिता पिता ते म्हणाले, "भिकाजी, तुमच्या वहाळाला तर मार्चपर्यंत पाणी आहे. चांगलं पाणी आहे. कोरड्या वाड्या आधी घ्याव्या लागतात."

"मार्चनंतर काय नाय साहेब. ठणठणाट. कागदावर शून्य लिवलंय की."

ओव्हरसियर जरा अवघडले. "तेच विचारायचं होतं. वहाळ असा एकदम मरत नाही हो. तो हळूहळू उतरतो. तुमच्या कागदावर चार महिने पाणी एकाच उंचीला उभं, आणि मग पंधरा दिवसांत शून्य. आमच्या ऑफिसात म्हणतात, उन्हं वाढली की म्हातारा घरात बसून शून्य लिहितो."

भिकाजी उठले. कपबशी उचलून आत ठेवायला गेले, ते बराच वेळ बाहेर आले नाहीत.

"पौषात पाहणीला येईन," मंजुळाकडं बघत ओव्हरसियर म्हणाले. "तेव्हा पट्टीवर जे दिसेल ते लिहीन. माझ्या हातात तेवढंच."

त्या रात्री भिकाजी जेवताना एवढंच म्हणाले, "चटके बसायचे पायाला. वहाणा वाळूत रुतायच्या म्हणून हातात घेऊन जायचो." गीताबाईनं त्यांच्या ताटात भाकरी वाढली. त्यांनी ती मोडली नाही.

मंजुळाला मात्र ओव्हरसियरचं एक वाक्य चिकटून बसलं. वहाळ हळूहळू उतरतो. मग यांचा का उतरत नाही?

सकाळी ती सुजाताला घेऊन पन्हळीवर जायची. हंडा धारेखाली लावायचा, खडकावर बसून पोरीला पाजायचं, हंडा भरला की उठायचं. पोरीचं अंगावरचं पिणं ती डोळ्यांत तेल घालून बघे, कारण दवाखान्यातल्या बाईंनी सांगितलं होतं, पोट भरून पिते की नाही तेवढं बघा. दिवाळीच्या सुमारास पोरगी एका बाजूला पीत असतानाच हंडा भरून सांडायला लागे, आणि ती सांडणाऱ्या पाण्याकडं बघत बसे. मार्गशीर्ष सरता सरता पोरगी एका बाजूचं संपवून दुसऱ्या बाजूला लागली तरी हंड्याचा गळा बाकी असे. आता पौषात पोरगी पिऊन, ढेकर देऊन, खांद्यावर पेंगायला लागली तरी हंडा अर्ध्यावर.

आधी तिला वाटलं, पोरगी कमी पीत असेल. घरी येऊन तिनं पोरीच्या मांड्या दाबून बघितल्या, दंडाला दोरा लावून बघितला. पोरगी टणटणीत होती. म्हणजे कमी झालं होतं ते पाणी.

"आबा, आज पट्टी काय म्हणते?" तिनं विचारलं.

"तीच."

"काल?"

"तीच. दिवाळीपास्नं तिथंच हाय, बोटभर इकडं तिकडं." ते जरा चिडून म्हणाले, "तू पन आता तपासतंस काय मला?"

"नाही आबा. मला हंड्याचं काही कळत नाही म्हणून विचारलं."

कळलं ते मोरीत. पोरीला न्हाऊ घालताना लंगोटाची चिंधी मोरीच्या भोकात जाऊन बसली. मंजुळा तांब्यानं थोडं थोडंच पाणी घालत होती, थंडी होती म्हणून. तरी मोरीत पाणी घोट्याला लागलं. तिनं खाली पाहिलं आणि हात तसाच राहिला. वरून पडतंय थेंबभर, पण खाली पाणी उभं आहे, कारण पुढची वाट बुजलीय. आणि घोट्यापाशी कुणी पट्टी लावली, तर ती म्हणेल, पाणी भरपूर. तिनं पायाच्या अंगठ्यानं चिंधी काढली. भस्सकन पाणी गेलं, आणि मोरीच्या तळाला राहिली ती एक बारीक ओळ.

पोरीला पंच्यात गुंडाळून ती ओसरीवर आली.

"आबा, पट्टी कुठं आहे?"

"कुठं म्हंजे? खडकावर."

"बांधाच्या वर. आणि बांध खाली. पाणी बांधाला अडून पट्टीवर उभं राहतं. पन्हळीच्या तोंडाएवढं. वहाळ कितीही बारीक झाला तरी पन्हळीतून वाहतंय तोवर पट्टी तेवढंच सांगणार. धार तुटली की डोह एकदम बसतो. म्हणून तुमच्या कागदावर वहाळ एकदम मरतो."

भिकाजींनी टोपी काढली, पुन्हा घातली. "बांध पट्टीच्या खाल्ल्या अंगाला हाय. पाणी वरनं येतं. खालच्या बांधाचा वरच्या पट्टीला काय उपद्रव?" असं म्हणता म्हणताच त्यांची नजर खालच्या खाचरांकडं गेली. शेतात बांध घालून खाचरात पाणी उभं करत त्यांचा जन्म गेला होता. पण खाचर ते खाचर आणि सरकारी पट्टी ती सरकारी पट्टी. दोन्ही एका जागी आणून कधी कुणी पाहिलीच नव्हती.

"म्हंजे माझा आकडा खोटा," ते म्हणाले.

"आकडा खरा आहे. तुम्ही जे दिसलं तेच सांगितलंत. पण ते आपल्या बांधाचं माप आहे आबा, वहाळाचं नाही."

आतून गीताबाईचा आवाज आला. "मग माझा बांध वाईट म्हन की सरळ. कपडे काय तुझ्या कालेजात न्यायचे धुवायला?"

पाहणीचा दिवस उजाडला. ओव्हरसियर हाफ पँट घालून, टेप गळ्यात टाकून वहाळात उतरले. मागोमाग भिकाजी, आणि जीप आली म्हटल्यावर वाडीतल्या बायकाही पाणी भरायच्या निमित्तानं जमल्या. ओव्हरसियरनी पट्टी पाहिली. डोहाकडं पाहिलं. चांगला कमरेएवढा डोह, म्हशी डुंबतायत. त्यांनी मान हलवली आणि खिशातलं पेन काढलं.

मंजुळा पोरीला कडेवर घेऊन पुढं झाली. मोरीची गोष्ट तिनं सांगितली नाही, लाज वाटली. हंड्याचं सांगितलं. त्यांना पन्हळीशी नेलं, हंडा लावला, आणि सगळे त्या बारीक धारेकडं बघत उभे राहिले. हंडा भरता भरेना. सोनाबाई नावाची एक ठसकेबाज शेजारीण होती, ती म्हणाली, "साहेब, बसा. तोवर तुमची बदली होईल."

ओव्हरसियर हसले, पण लगेच गंभीर झाले. "बाई, तुमचं म्हणणं मला पटतंय. पण बांधाच्या खालून, फटींतून किती पाणी जातंय हे कुणाला माहीत? आणि वर मी काय लिहू? हंडा उशिरा भरतो? साहेब विचारतील, पट्टी काय सांगते. पट्टीवर दिसलं पाहिजे."

"बांध काढला तर दिसेल," मंजुळा म्हणाली. बोलून गेली, आणि मग तिच्या लक्षात आलं आपण काय बोललो ते.

सोनाबाईनं हंडा खाली ठेवला.

"बघ हां गो मंजुळा. आता धार ही अशी. आज बांध फोडला तर परत डोह भरायचा कधी? शिमग्यापत्तूर नाय भरायचा. म्हसरं कुठं नेशील, खाली सावित्री नदीवर? आन येवढं करून विहीर नाय आली तर?"

मंजुळाला स्वतःलाच खात्री नव्हती. हंडा उशिरा भरतो, हे खरं. पण बांधाखालून सगळीकडून झिरपत असेल तर? बांध काढल्यावर पट्टीवर भरपूर पाणी उरलं तर? डोहही जाईल, विहीरही जाईल, आणि ते आपल्या शब्दावर. तिनं नकळत सुजाताच्या टाळूवर हात ठेवला. पोरगी पाण्यातल्या म्हशीला बघून हात नाचवत होती.

"राहू दे," ती हळूच म्हणाली. "काकू म्हणतात ते बरोबर आहे. वाडीचं नुकसान मी कशाला—"

गीताबाई इतका वेळ खडकावर बसून होती. तिनं पोरीच्या टाळूवरचा तो हात पाहिला. उठली, लुगडं वर खोचलं आणि बांधावर आली. पन्हळीच्या डाव्या हाताला एक लांबट धोंडा होता, दरवर्षी सगळ्यांत आधी ठेवायचा. तिनं त्याला पायानं ठोकर दिली. हलला नाही.

"काय बघतंस सोने? मी घातला, मीच काढते. हात लाव."

"गीता, डोकं फिरलं काय तुझं?"

"एस.टी.त माझ्या मांडीवर होती पोर. तुझ्या नव्हती. हात लाव."

सोनाबाई तोंडानं काहीबाही बडबडत उतरली, पण उतरली. दोघींनी मिळून धोंडा उपसला. मागचा पाला, चिखल आधी फुगला, मग एकदम सुटला. पाणी खळाळत खडकांमधून निघालं. पोरं मासे धरायला धावली. म्हशी आपल्याला कुणी फसवलं अशा चेहऱ्यानं उभ्या राहिल्या. बायका आपापले पिळे उचलून काठावर आल्या आणि बघत राहिल्या.

पाणी पट्टीवरून उतरायला लागलं. खडकावर मागं काळी ओली रेघ राहिली, दिवाळीपासून जिथं पाणी टेकलेलं होतं तिथं. भिकाजी पट्टीशी वाकून सवयीनं पुटपुटत होते, आकडा मागून आकडा खाली. ते थांबत, पुन्हा वाकत. मंजुळा पट्टीकडं बघत नव्हती. ती सासऱ्यांच्या पाठीकडं बघत होती, आता थांबेल, आता थांबेल, अशी. ती पाठ वाकतच गेली. शेवटी ते गुडघ्यावर बसले.

डोहाचा तळ उघडा पडला. मधून एक बारीक पाणी चाललं होतं, पोरगं ओलांडेल एवढं. पट्टीच्या शेवटच्या रेघेला बोटभर.

"साहेब, बघून घ्या," भिकाजी म्हणाले.

ओव्हरसियरनी ते पाणी दोन दगडांमध्ये अडवलं, रुंदी घेतली, खोली घेतली, बोराटीचं एक पान सोडून ते किती जोरात जातं ते घड्याळावर पाहिलं. पुन्हा सोडलं. पुन्हा पाहिलं.

"भिकाजी," टेप गुंडाळत ते म्हणाले, "तुमचे हिवाळ्याचे आकडे मला रद्द करावे लागतील. इतक्या वर्षांचे सगळे. ते वहाळाचे नाहीतच."

भिकाजींनी मान हलवली.

"उन्हाळ्याची शून्यं तेवढी राहतील. ती खरी आहेत, असं मी लिहिणार. पाहणारा माणूस उन्हात रोज जात होता, असंही लिहीन."

भिकाजी उठले. गुडघ्यावरची माती झटकली. ते म्हणाले, "चहा घेऊन जावा."

त्यानंतरचे दिवस मंजुळाला सोपे गेले नाहीत. डोह खरंच भरला नाही. गीताबाईनं धोंडा पुन्हा बसवला, पण पाण्यात जोर नव्हता. म्हशी खाली लांबच्या कोंडीवर न्याव्या लागत, कपड्यांचे पिळे डोक्यावर घेऊन बायका तिथंच जात. वाटेत सोनाबाई तिच्या दारासमोर मुद्दाम थांबून म्हणे, "चला गो, कालेजात कपडे धुवायला." मंजुळा हसायची आणि आपला पिळा उचलून तिच्या मागं निघायची. पण आत धाकधूक असे. सरकारी कागद, कधी हलेल, हलेल की नाही. चंदूला पत्र लिहिताना तिनं बांधाचं लिहिलं आणि ते वाक्य खोडलं.

फाल्गुनात, लोक महाडला तळ्यावर जायची तयारी करत असताना, बोअरिंगची गाडी घाटीच्या वळणावर घरघरताना ऐकू आली. वाडीपर्यंत चढेना, तेव्हा पोरांनी चाकाखाली दगड दिले. जमिनीतून आधी पांढरी धूळ आली, मग लाल चिखल, आणि मग, मशीनवाले नाक मुरडून जेवायला बसायच्या बेतात असताना, पाणी. दुसऱ्या दिवशी वाडीतली माणसं महाडला गेली ती हे सांगतच गेली. उन्हाळा आला, डवरा कुणी खणला नाही. मंजुळा मात्र पंपाचं पाणीसुद्धा उकळून, दुहेरी फडक्यानं गाळूनच पोरीला द्यायची. गीताबाई एकदा म्हणाली, "आता जमिनीच्या पोटातलं पन उकळतंस?" मग स्वतःच चुलीत लाकूड सारलं.

पुढच्या दिवाळीनंतर बायका पुन्हा वहाळात उतरल्या. ओव्हरसियरनी सांगितलं होतं, बांध घाला, पण खालच्या वळणाच्या पलीकडं, तिथल्या लहान धबधब्याच्या खाली घाला, म्हणजे फुगवटा पट्टीपर्यंत येणार नाही. ती जागा ऐसपैस, खडक लांब लांब. गीताबाईला अजिबात पसंत नव्हती. तिनं दगड ठेवता ठेवता सगळ्या खात्याचा उद्धार केला, आणि तरी बांध असा घातला की थेंब झिरपू नये.

पट्टी आता वाहत्या पाण्यात उभी होती. म्हशी तिकडं फिरकत नव्हत्या, पण भिकाजींनी बोराटीची फांदी काढली नव्हती. सकाळी ते टोपी घालून गेले. मंजुळा ओसरीवर पोरीला भात भरवत होती. सुजाता आता चालायला लागली होती आणि खांबाला धरून वाटेकडं बघत होती. म्हातारा पुटपुटत वर आला.

"काय म्हणते पट्टी, आबा?"

"उतरली. परवापेक्षा काल, कालपेक्षा आज." हे त्यांनी असं सांगितलं, की ऐकणाऱ्याला वाटावं घरात काहीतरी चांगलं घडलंय. "लिव. रोज जरा जरा उतरते."

मंजुळानं भाताचा हात धुतला, पदराला पुसला आणि लिहायला घेतलं.